उट्रेख्टचं रीटवेल्ड-श्रोडर घर : कोणी पाहिलंय का?

पाणकोंबडी

नेदरलँड्सला येणारी आपली मंडळी ॲमस्टरडॅमचे कालवे, ट्यूलिपच्या बागा आणि पवनचक्क्या उरकतात आणि परतीच्या विमानात बसतात. उट्रेख्टला उतरलीच तर डोम टॉवरखाली फोटो काढून पुढची गाडी पकडतात. याच गावात, विल्हेल्मिना पार्कच्या पलीकडे, प्रिन्स हेंड्रिकलान नावाच्या रस्त्याच्या पार टोकाला ५० नंबरचं एक घर आहे. १९२४ साली बांधलेलं. २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. मी इथे राहायला आल्यापासून बघायचं बघायचं म्हणत होते, शेवटी योग आला. मराठीत त्यावर फारसं कुठे वाचलं नव्हतं, म्हणून धागा काढतेय.

रस्ता अगदी साधा. दोन्ही बाजूंना तपकिरी विटांची, उतरत्या छपरांची, एकमेकांना चिकटलेली मध्यमवर्गीय घरं. त्या ओळीतल्या शेवटच्या घराच्या भिंतीला टेकून हे उभं आहे. पांढरे आणि करड्या छटांचे सपाट पृष्ठभाग, सपाट छप्पर, पुढे आलेले सज्जे, खिडक्यांच्या काळ्या चौकटी आणि मध्येच एक पिवळा किंवा लाल खांब. पुस्तकातल्या फोटोत ते एखाद्या माळावर एकटं उभं असल्यासारखं वाटतं, कारण फोटो काढणारा शेजारचं घर हमखास कापतो. मला तर ते शेजाऱ्यासकटच जास्त आवडलं. बाजूच्या विटांकडे बघितलं की १९२४ साली लोकांना काय वाटलं असेल ते आपोआप कळतं. आणि घर लहान आहे! मी बंगल्याची कल्पना करून गेले होते.

थोडा इतिहास. त्र्यूस श्रोडर-श्रेडर (१८८९–१९८५) ही वकिलाची बायको. नवऱ्याशी, विशेषतः मुलांना कसं वाढवायचं यावरून, तिचं पटत नसे. बिल्टस्ट्राटवरच्या त्यांच्या मोठ्या घरात तिची स्वतःची एक खोली १९२१ साली खेरिट रीटवेल्डने (१८८८–१९६४) नव्याने करून दिली. तिथून दोघांची ओळख. रीटवेल्ड म्हणजे मूळचा सुतार. बाप फर्निचर करणारा, हाही लहानपणीच शाळा सोडून बापाच्या हाताखाली लागला. ती प्रसिद्ध लाल-निळी खुर्ची त्याचीच. १९१९ पासून तो डे स्टाइल या डच कलावंतांच्या गटात होता, पण अख्खं घर त्याने तोवर एकही बांधलं नव्हतं. १९२३ मध्ये त्र्यूसचा नवरा वारला. पदरात तीन मुलं, धाकटी हान जेमतेम पाच-सहा वर्षांची. मोठं घर सोडायचं तिने ठरवलं. आधी भाड्याने जागा शोधायचा विचार होता, मग रीटवेल्डच म्हणाला की बांधूया.

आता आतलं. तळमजल्यावर स्वयंपाकघर, मोलकरणीची खोली, वाचायची खोली आणि एक स्टुडिओ, म्हणजे भिंती घातलेल्या नेहमीसारख्या खोल्या. त्यातही गंमत आहे. दाराशी सामान आणून देणाऱ्यांसाठी पाटी आहे, की आधी घंटा वाजवा, उत्तर आलं नाही तर बोलण्याच्या नळीतून बोला. ती नळी वर जाते.

अरुंद जिन्याने वर गेलं की सगळा मजला एकच मोकळी जागा. मध्यभागी जिना, त्यावर छतातून उजेड, आणि चहूबाजूंनी खिडक्या. जमीनसुद्धा लाल, करड्या, काळ्या, पांढऱ्या चौकोनांत विभागलेली. आपण 'वा वा' म्हणतो आणि वाटतं, झालं बघून. मग गाईड पुढे होते आणि घर चालवायला घेते. हो, 'चालवायला'च. छताच्या पट्टीतून एक तावदान ओढते, ते सरकत येतं, वळतं, दुसऱ्याला भिडतं, खिटी बसते. मुलींची खोली तयार. मग मुलाची. मग मधल्या बोळातून न्हाणीघर. दोन-तीन मिनिटांत एका दालनाच्या चार खोल्या आणि एक चिंचोळी वाट झाली, आणि आम्ही सगळे त्या वाटेत अंग चोरून उभे. सकाळी परत ढकललं की पुन्हा एकच दालन.

आणि ती कोपऱ्यातली खिडकी. जेवणाच्या टेबलापाशी दोन खिडक्या काटकोनात मिळतात, पण कोपऱ्यात खांबच नाही. गाईडने आधी एक उघडली, मग दुसरी. खोलीचा कोपराच नाहीसा झाला. गार वारा थेट टेबलावर. मी कॉलेजात असल्यापासून 'आतलं-बाहेरचं यांतली सीमा पुसणे' वगैरे वाक्यं वाचत आलेय. ती वाचून कधी काही झालं नाही, हे बघून मात्र हात आपोआप बाहेर गेला.

माझं मत एवढंच की हे घर फोटोत बघायचंच नाही. फोटोत ते चित्र दिसतं. प्रत्यक्षात ते एका बाईने 'मला मुलांसोबत असं राहायचंय' म्हणून मागून घेतलेलं यंत्र आहे.

कोणी गेलंय का? आणि इथे वास्तुकार मंडळी आहेत त्यांनी भर घालावी.

कावळा_बसला

मस्त लिहिलंय. फोटो मात्र एकही दिसत नाहीये, फक्त रिकामे चौकोन दिसताहेत (डे स्टाइलला शोभेलसे 😀).

म्हणजे हे डे स्टाइलमधल्या मॉन्ड्रियान या चित्रकाराचं चित्र त्रिमितीत आणलंय असं समजायचं का? लाल-पिवळा-निळा, काळ्या रेघा.

चुनाविटा

'मॉन्ड्रियानचं चित्र उभं केलं' हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असतं आणि माझ्या डोक्यात जातं. मॉन्ड्रियान तेव्हा पॅरिसला होता, त्याचा या घराशी काही संबंध नाही. रंग सारखे कारण गट एक. शिवाय नीट बघितलं तर घरात खरं राज्य करड्या रंगाचं आहे, चार-पाच छटांच्या करड्याचं. लाल-पिवळा-निळा हा बारीक वस्तूंना, म्हणजे खांब, कठड्याची नळी, चौकट यांना. कुठली पट्टी कुठल्याच्या पुढे आहे ते डोळ्याला कळावं म्हणून. सुताराची नजर आहे ती. खुर्चीत त्याने फळ्यांची कापलेली टोकं पिवळी केली, तोच हिशोब.

पाणकोंबडीताईंनी एक गोष्ट लिहिली नाही ती लिहितो. हे घर काँक्रीटचं आहे असं शंभरातल्या नव्वद जणांना वाटतं. नाहीये. पाया आणि सज्जे तेवढे काँक्रीटचे. भिंती आपल्या विटांच्याच, वरून गिलावा करून रंगवलेल्या. मजल्यांना लाकडी तुळया. आणि जिथे भिंतीचा आधार काढून टाकायचा होता तिथे लोखंडी आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराची तुळई. तो पिवळा खांब म्हणजे असाच गर्डर. सगळं काँक्रीटमध्ये ओतायचं मनात होतं, पण एवढ्या लहान कामाला ते परवडण्यासारखं नव्हतं.

काही टीकाकार याला लबाडी म्हणतात, की साहित्य एक आणि दाखवलं दुसरंच. मला उलट वाटतं. विटा आणि गिलाव्यात असा पातळ, हलका, अधांतरी दिसणारा सज्जा काढणं जास्त अवघड. साइटवरच्या गवंड्याने काय काय ऐकवलं असेल याची कल्पना करवत नाही.

आणखी एक मजा. वरच्या मजल्यावर भिंतीच नाहीत, हे तेव्हाच्या बांधकाम नियमांत बसणारं नव्हतं. मग नकाशात काय दाखवलं? वरचा मजला म्हणजे पोटमाळा! पोटमाळ्याला खोल्या दाखवायची गरज नाही. मंजुरी मिळाली. महापालिकेत फाइल कशी सरकवायची हे ज्ञान वैश्विक आहे.

खवट_आजोबा

सर्व वाचले. क्षमा असावी, पण यात एवढे डोळे विस्फारण्यासारखे काय आहे ते कळले नाही.

गिरगावात आमच्या दीड खोलीत नऊ माणसे राहत. सकाळी गाद्या गुंडाळून कपाटावर, की दिवाणखाना. दुपारी पाट मांडले की जेवणघर. संध्याकाळी आम्हा मुलांची अभ्यासिका, रात्री परत गाद्या. मध्ये साडीचा पडदा लावला की काकांचे शयनगृह. युनेस्कोवाले आमच्याकडे काही फिरकले नाहीत. गोऱ्या बाईने तेच केले की आधुनिक वास्तुकला!

आणि बाहेरून तर ते मला सरकारी विश्रामगृहासारखे दिसते.

पाणकोंबडी

आजोबा, तुमचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो तिथे उभी असताना माझ्याही मनात आला होता.

पण फरक आहे. तुमच्याकडे गाद्या गुंडाळाव्या लागत, कारण दुसरी खोली नव्हती. त्र्यूसकडे पैसा होता. सुटी सुटी दारं असलेल्या खोल्यांचं मोठं घर तिला सहज घेता आलं असतं, तिच्या ओळखीतल्या सगळ्यांकडे तशीच घरं होती. मुलांची खोली माडीवर, मोठ्यांचा दिवाणखाना खाली, पाहुणे आले की मुलांनी वर जायचं. तिला नेमकं तेच नको होतं. मुलांनी मोठ्यांच्या गप्पा ऐकाव्यात, घरी येणारे चित्रकार-लेखक बघावेत, आपणही त्यांच्यासोबत असावं, यासाठी तिने भिंती काढल्या. आणि एकटं बसावंसं वाटलं तर पाच पावलांवर भिंत ओढून घ्यायची सोय ठेवली. तुमच्या काकांना साडीच्या पडद्याआड किती एकांत मिळत असेल ते तुम्हीच सांगा.

तिने रीटवेल्डला घातलेल्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. प्रत्येक खोलीत पलंग निदान दोन ठिकाणी मांडता आला पाहिजे. प्रत्येक खोलीत पाण्याचा नळ आणि मोरीची सोय हवी. आणि प्रत्येक खोलीतून थेट बाहेर पडता यायला हवं. उद्या गरज पडली तर कुठलीही खोली स्वतंत्रपणे वापरता यावी, हा विचार. पुढे खालचा भाग खरंच वेगवेगळ्या कामांना वापरला गेला. स्टुडिओत कितीतरी वर्षं रीटवेल्डचंच ऑफिस होतं.

हे मात्र मान्य, की तळमजल्यावर मोलकरीण होती म्हणून वरचं मोकळं राहणं जमलं. जेवण खालून वर यायला छोटी लिफ्ट आहे. ती भरणारे हात कोणाचे, हे गाईडने काही सांगितलं नाही.

उंबरठा

छान चाललीय चर्चा. मला एक खटकतं ते इथे मांडते. चुनाविटा, तुमच्या पूर्ण प्रतिसादात त्र्यूसचं नाव एकदाही नाही. 'त्याने', 'सुताराची नजर'. पुस्तकांतही वर्षानुवर्षं हेच चाललं. रीटवेल्डचं घर, रीटवेल्डची कल्पना, आणि श्रोडरबाई म्हणजे पैसे देणारी.

वरच्या मजल्यावरच्या भिंती नकोत, हा हट्ट तिचा होता. रीटवेल्डने पहिल्यांदा काढून आणलेला आराखडा तिला पसंतच पडला नव्हता. पुढे दोघांनी मिळून कामंही केली. समोरची एरास्मुसलानवरची घरांची ओळ (१९३१) दोघांची. मग ती फक्त 'क्लायंट' कशी? हान, जी या घरात वाढली, ती पुढे स्वतः वास्तुकार झाली, हेही सांगायला हवं.

चुनाविटा

उंबरठा, बरोबर. पण मी सज्जा आणि गर्डरबद्दल बोलत होतो, तो भाग त्याचाच. कसं राहायचं ते तिने ठरवलं, कसं उभं राहील ते त्याने. म्हणून दोघांची नावं जोडून 'रीटवेल्ड-श्रोडर' म्हणतात तेच योग्य. एरवी वास्तुकार आपलं घर मालकाच्या गळ्यात मारतो आणि मालक आयुष्यभर सोसतो. इथे मालकीण त्याच घरात साठ वर्षं राहिली. मरेपर्यंत. आधुनिक वास्तुकलेतल्या किती नावाजलेल्या घरांबद्दल असं म्हणता येईल? कॉर्बुझिए या वास्तुकाराची फ्रान्समधली व्हिला साव्होआ (१९३१) गळते म्हणून मालकीणबाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली होती.

खवट_आजोबा

दोघांचे 'मिळून काम' एवढेच होते का? 🙂

उंबरठा

आजोबा, नव्हतं, आणि ते लपलेलंही नाही. रीटवेल्डचं लग्न झालेलं होतं, सहा मुलं होती. १९५७ साली बायको वारल्यावर तो इथे राहायला आला आणि १९६४ मध्ये शहात्तराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी इथेच गेला. त्याच्या बायकोने मधली तीस-पस्तीस वर्षं त्याच गावात कशी काढली असतील यावर कोणी धागा काढला तर मी वाचेन. तोवर घराबद्दल बोलूया.

दक्षिणवारा

मी उट्रेख्टला बरीच वर्षं आहे, त्यामुळे राहवलं नाही. मूळ लेखात एक मोठी गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे घरासमोरचा रस्ता. १९२४ साली हे घर गावाच्या वेशीवर होतं. समोर सपाट कुरणं, क्षितिजापर्यंत काही नाही. त्या कोपऱ्यातल्या खिडकीचं सगळं प्रयोजनच ते होतं. साठीच्या दशकात घराच्या अगदी अंगावरून उंच भरावावर मोठा रस्ता गेला. आज ती खिडकी उघडली की वारा येतो तसा ट्रकांचा आवाजही येतो. आता हे घर पाडून टाकावं असं खुद्द रीटवेल्ड म्हणाला होता. त्याच्या दृष्टीने घर म्हणजे भिंती नव्हेत, आत-बाहेरचं नातं. बाहेरच गेलं तर उरलं काय?

मला हे फार पटतं आणि घर पाडलं नाही याचा आनंदही होतो. दोन्ही एकदम.

एरास्मुसलानवरचं एक घर नमुना म्हणून ठेवलंय, बघायला मिळालं तर सोडू नका. सात वर्षांत दोघं किती बदलली ते तिथे कळतं. रंगांचा तो झगमगाट जवळजवळ संपलेला, मोठाल्या काचा आणि भरपूर उजेड. ते उद्या तुम्हाला राहायला दिलं तर तुम्ही फर्निचरसुद्धा न हलवता राहाल.

चुनाविटा

दक्षिणवारा, 'पाडून टाका' वरून आठवलं. जतन करतानाही मोठा पेच होता. बाहेरची दुरुस्ती १९७४ च्या आसपास झाली, आतली त्र्यूस गेल्यावर, १९८५ ते ८७. दोन्ही बेर्टुस मुल्डरने केली, तो रीटवेल्डच्या हाताखाली काम केलेला. प्रश्न असा की कुठल्या सालचं घर ठेवायचं? साठ वर्षांत बाईंनी किती गोष्टी बदलल्या. १९३६ मध्ये तर गच्चीवर आणखी एक खोली चढवली होती, ती पुढे काढली. मुल्डरने विशीच्या दशकातलं घर परत आणलं.

आपण बघतो ते म्हणून कोणीच फार काळ न राहिलेलं घर आहे. मला निर्णय चूक वाटत नाही, कारण वास्तुकलेच्या इतिहासात महत्त्व त्या पहिल्या रूपाला आहे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेची देसाउची इमारत १९२६ ची, वास्तुकार मीस व्हान डेर रोहची ब्र्नोची व्हिला टुगेनहाट १९३० ची. हे त्यांच्या आधीचं. पण म्हातारपणी एकट्या राहणाऱ्या बाईने त्या सरकत्या भिंतींचं काय केलं, कुठल्या कायमच्या बंद ठेवल्या, कुठे आरामखुर्ची घातली, हे बघायला मला जास्त आवडलं असतं. दीडशे फोटो बघून एका फोटोत मला पडदे दिसले तेव्हा बरं वाटलं होतं.

कावळा_बसला

वाखू (वाचनखूण) साठवली. उन्हाळ्यात येतोय, सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि आई. कामाची माहिती द्या : तिकीट, मुलाला कंटाळा येईल का, आईचे गुडघे दुखतात.

पाणकोंबडी

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, वेळ ठरलेली असते. घर उट्रेख्टच्या सेंट्राल म्युझियमकडे आहे, त्यांच्याच संकेतस्थळावर मिळेल. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, त्यामुळे दारात उभं राहून मिळेल या भरवशावर जाल तर परत फिराल. सोमवारी जाऊ नका. बुटांवर पिशव्या चढवायला देतात. पाठीवरची सॅक आत नेता येत नाही, आणि ते बरंच आहे, एकदा वळलात तर शंभर वर्षांचं काहीतरी पडेल.

ॲमस्टरडॅमहून आगगाडीने अर्धा तास. स्टेशनवरून बस आहे, पण हवा चांगली असेल तर भाड्याची सायकल घ्या, वाट विल्हेल्मिना पार्कावरून जाते.

मुलाला भिंती हलताना बघायला नक्की आवडेल. ऐकत बसायचं असतं तेवढा वेळ चुळबुळ करेल. त्याला लालूच म्हणून मिफीचं (चित्रपुस्तकांतला ससा) म्युझियम ठेवा, ते सेंट्राल म्युझियमच्या समोरच आहे. मिफीवाला डिक ब्रूना उट्रेख्टचाच. सेंट्राल म्युझियममध्ये रीटवेल्डच्या खुर्च्याही आहेत.

आईंचं मात्र नीट विचार करून ठरवा. जिना अरुंद आणि उभा आहे, लिफ्ट नाही (जेवणाची आहे ती चालणार नाही). आणि जे बघायचं ते सगळं वरच आहे. गुडघे फारच दुखत असतील तर त्यांना पार्कात बसवून तुम्ही दोघं जाऊन या.

खवट_आजोबा

शेवटचा प्रश्न. एवढ्या काचा, तेही एकेरी, आणि तिकडची थंडी. तीन मुलांना घेऊन बाई हिवाळ्यात कुडकुडत बसत होती काय?

चुनाविटा

आजोबा, सेंट्रल हीटिंग होतं. रेडिएटर कुठे लपवलेले नाहीत, उघडेच आहेत, बाकीच्या रेघांत एक रेघ म्हणून. रात्री खिडक्यांना पडद्यांऐवजी फळ्या बसवायची सोय होती. त्या दिवसा काढून ठेवायच्या.

खवट_आजोबा

म्हणजे गाद्यांसारख्याच. ठीक आहे, नातू आइंडहोव्हनला आहे, त्याला सांगतो तिकीट काढायला.